झेडएफएसच्या साठवणीसाठी छोट्या मॅक्रोंतून स्क्रिप्ट कशी बांधावी

साठवण-यंत्रणा सांभाळणाऱ्याचे रोजचे काम फारसे बदलत नाही. पूल (अनेक डिस्क एकत्र करून बनवलेला साठा) ठणठणीत आहे का ते पाहायचे, स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्यायचा, जुने स्नॅपशॉट काढायचे, फरक दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायचा आणि या सगळ्याची नोंद ठेवायची. ही कामे स्क्रिप्टकडे सोपवताना बहुतेक जण हाताने देत असलेल्या कमांड एकाखाली एक उतरवतात आणि ती फाइल क्रॉनला (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीला) लावून मोकळे होतात. अशी फाइल सहा महिने बिनबोभाट चालते. मग एके रात्री पहिली कमांड फसते, दुसरी मात्र नेहमीप्रमाणे चालते, आणि दुसरी कमांड नेमकी जुने स्नॅपशॉट काढणारी असते. हे टाळायचे असेल तर प्रत्येक कामासाठी एक छोटे मॅक्रो लिहावे. मॅक्रो म्हणजे येथे शेलमधले (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममधले) नाव दिलेले फंक्शन: ते आधी तपासते, मग काम करते, आणि काम झाले की नाही हे ज्याने बोलावले त्याला सांगते. मुख्य स्क्रिप्ट मग पाच-सात ओळींची उरते आणि ती वाचून नवख्या माणसालाही रात्री काय घडते ते कळते.

उदाहरणासाठी झेडएफएस ही फाइल-प्रणाली घेतली आहे. ती सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मली, २००५ मध्ये सोलारिसच्या मूळ कोडमध्ये आली आणि २०१३ पासून ओपनझेडएफएस या प्रकल्पाच्या नावाने वाढत आहे. लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन्हींवर ती चालते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तिची मोठी सोय अशी की जवळजवळ सगळा कारभार दोनच कमांडवर चालतो: डिस्क आणि पूल यांच्यासाठी ‘झेडपूल’, आणि डेटासेट (पूलमधले फाइलींचे स्वतंत्र विभाग) व स्नॅपशॉट यांच्यासाठी ‘झेडएफएस’. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात. जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे. पुढील उदाहरणांत लिनक्स, बॅश शेल, ‘टँक’ नावाचा पूल आणि त्यातील ‘टँक/हिशेब’ व ‘टँक/आराखडे’ हे दोन डेटासेट गृहीत धरले आहेत.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयाने डेटासेट तयार करतानाच एक गोष्ट ठरवून टाकावी. डेटासेटचे नाव देवनागरीत ठेवता येत नाही, कारण तेथे रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हेच चालतात. आतल्या फाइलींची नावे मात्र खुशाल मराठीत ठेवता येतात, आणि घोळ तेथेच होतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन संकेत म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण झेडएफएस स्वतःहून त्यांना दोन वेगळी नावे समजते. डेटासेटच्या ‘नॉर्मलायझेशन’ या गुणधर्माला ‘फॉर्म-डी’ हे मूल्य दिले की तुलना करताना दोन्ही नावे एकच धरली जातात. हा गुणधर्म डेटासेट तयार करतानाच देता येतो, नंतर बदलता येत नाही. म्हणून डेटासेट बनवण्याचेही एक मॅक्रो असावे आणि हा पर्याय त्यात कायमचा बसवलेला असावा.

पाया

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा मार्ग द्यावा आणि लगेच खाली ‘सेट -यू’ व ‘सेट -ओ पाइपफेल’ या दोन ओळी घालाव्यात. पहिलीमुळे मूल्य न दिलेले व्हेरिएबल वापरले गेल्यास स्क्रिप्ट तेथेच थांबते. दुसरीचे महत्त्व पटायला थोडे उदाहरण लागते. समजा, झेडएफएसच्या कमांडचे आउटपुट पडद्यावरही दिसावे आणि फाइलीतही जावे म्हणून ते पाइपमधून ‘टी’ या कमांडला दिले. आता पूर्ण ओळीचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा, म्हणजे ‘टी’चा निकाल. मूळ कमांड सपशेल फसली तरी ‘टी’ला ती गोष्ट लिहून ठेवण्यात यश आलेले असते, आणि स्क्रिप्ट सगळे आलबेल समजून पुढे जाते. पाइपफेल लावले की पाइपमधली कोणतीही कमांड फसली तरी पूर्ण ओळ फसलेली धरली जाते.

‘सेट -ई’ हा तिसरा पर्याय अनेक जण सुचवतात. त्यावर विसंबून राहू नये असे माझे मत आहे, कारण एखादे फंक्शन ‘इफ’च्या अटीत किंवा दोन उभ्या रेघांच्या आधी बोलावले की त्या फंक्शनच्या आत तो पर्याय निष्प्रभ होतो, आणि मॅक्रो तर सहसा असेच बोलावले जातात. त्यापेक्षा प्रत्येक धोक्याच्या कमांडपुढे दोन उभ्या रेघा आणि ‘रिटर्न १’ हे स्पष्ट लिहावे.

पहिले मॅक्रो ‘नोंद’ हे असावे. त्याला जो मजकूर मिळेल तो ‘लॉगर’ या कमांडमार्फत सिस्टिमच्या लॉगमध्ये, स्क्रिप्टचे नाव खूण म्हणून लावून, टाकायचा, एवढेच त्याचे काम. इतर सर्व मॅक्रो यश आणि अपयश दोन्ही याच्याकडे देतात.

पूल तपासणे

‘तपास_पूल’ लिहिताना पहिला सापळा समोर येतो. ‘झेडपूल स्टेटस -एक्स’ ही कमांड अडचणीतले पूलच दाखवते, आणि सगळे नीट असेल तर तसे एका वाक्यात सांगते. माणसाला वाचायला ती उत्तम आहे. मात्र पूल डिग्रेडेड झालेला असला, म्हणजे एखादी डिस्क गेलेली असली, तरी तिचा एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा, ० म्हणजे यश) शून्यच असतो. कमांड व्यवस्थित चालली एवढेच तो शून्य सांगतो. म्हणून एक्झिट कोडवर न जाता पूलच्या स्थितीचा शब्दच वाचावा:

झेडपूल लिस्ट -एच -पी -ओ हेल्थ,कपॅसिटी टँक

यातला एच मोठा आहे. त्याने शीर्षकाची ओळ गळते आणि रकान्यांमध्ये एकेक टॅब येतो, त्यामुळे ‘रीड’ने दोन्ही मूल्ये दोन व्हेरिएबलमध्ये सहज घेता येतात. लहान पी हवाच, कारण त्याच्याविना व्यापलेली जागा ‘४३%’ अशी टक्क्याच्या चिन्हासह मिळते आणि शेलला तिची संख्या म्हणून तुलना करता येत नाही. स्थिती ‘ऑनलाइन’ (सर्व अक्षरे मोठी) याखेरीज काहीही असेल तर मॅक्रोने नोंद करून १ परत करावा. जागा ८० टक्क्यांपुढे गेली असेल तर इशारा नोंदवावा, पण काम थांबवू नये. ८० ही रूढ मर्यादा आहे, तिच्यापुढे पूल भरत गेला की लिहिण्याचा वेग घसरू लागतो.

स्नॅपशॉट घेणे

येथे सगळा विचार नावात आहे. रोजच्या स्नॅपशॉटचे नाव ‘रोज-’ या उपसर्गाने सुरू करून पुढे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लावावी. म्हणजे वर्णक्रम आणि कालक्रम एकच होतात. तास-मिनिटे लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. एका डेटासेटवर एकाच नावाचे दोन स्नॅपशॉट होऊ शकत नाहीत, आणि हीच आपली राखण आहे: कोणी चाचणीसाठी स्क्रिप्ट दिवसातून दहा वेळा चालवली तरी स्नॅपशॉट एकच राहतो. नावात तास-मिनिटे असती तर दहा नवे स्नॅपशॉट झाले असते आणि ‘शेवटचे १४ ठेवा’ या नियमाने दहा जुन्या दिवसांचे स्नॅपशॉट त्याच दुपारी गेले असते.

‘घे_प्रत’ हे मॅक्रो डेटासेटचे नाव घेते. त्या नावाचा स्नॅपशॉट आजच्या तारखेने आधीच आहे का ते ‘झेडएफएस लिस्ट’ने पाहते, असेल तर तसे नोंदवून ० परत करते, नसेल तर घेते, आणि घेता आला नाही तर १ परत करते. एखाद्या कामाचा डेटा दोन डेटासेटमध्ये विभागलेला असेल, उदाहरणार्थ डेटाबेसच्या फाइली एकीकडे आणि तिचे लॉग दुसरीकडे, तर दोघांच्या वरच्या डेटासेटवर ‘-आर’ लावून एकदाच स्नॅपशॉट घ्यावा. तसे केल्यास खालचे सर्व स्नॅपशॉट एकाच क्षणाचे असतात. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन स्नॅपशॉटांवरून डेटाबेस उभी करणे हा मनस्ताप आहे.

कोणते डेटासेट घ्यायचे याची यादी स्क्रिप्टमध्ये लिहू नये. झेडएफएस आपल्या पसंतीचा गुणधर्म लावू देते, फक्त त्याच्या नावात विसर्गचिन्हासारखे अपूर्णविराम असावे लागते. ‘झेडएफएस सेट लोकल:रोज=हो टँक’ असे एकदा केले की खालच्या सर्व डेटासेटना तो वारशाने मिळतो, आणि नको असलेल्या एखाद्यावर ‘नाही’ लिहिता येते. स्क्रिप्टने ‘झेडएफएस लिस्ट’ला नाव आणि हा गुणधर्म असे दोन रकाने मागावेत आणि ‘हो’ असलेले तेवढे घ्यावेत. उद्या कोणी नवा डेटासेट काढला तर तो आपोआप यादीत येतो. विसरण्याला वाव राहत नाही.

जुने स्नॅपशॉट काढणे

या मॅक्रोवर बाकी सगळ्यांहून जास्त वेळ घालवावा. ‘झेडएफएस डिस्ट्रॉय’ ही कमांड ‘खात्री आहे का’ असे विचारत नाही. स्नॅपशॉट काढणे आणि अख्खा डेटासेट काढणे या दोन्हींसाठी कमांड तीच आहे. फरक नावातल्या ‘@’ या एका चिन्हाचा. ‘@’ गळाले आणि सोबत ‘-आर’ असेल, तर डेटासेट, त्याच्या पोटातले डेटासेट आणि सर्वांचे स्नॅपशॉट एका ओळीत जातात. म्हणून ही कमांड स्क्रिप्टमध्ये एकाच ठिकाणी, ‘काढ_एक’ नावाच्या मॅक्रोच्या आतच असावी, आणि त्या मॅक्रोची पहिली ओळ ही तपासणीची असावी: मिळालेल्या नावात ‘@रोज-’ ही अक्षरे आहेत का? ‘केस’ वापरून ती दोन ओळींत होते. नसतील तर नोंद करून १ परत करायचा, वाद नाही. ‘-आर’ या मॅक्रोत कधीही वापरू नये. डेटासेट दहा असतील तर दहा वेळा बोलवावे. या एका अटीमुळे हाताने घेतलेले, ‘स्थलांतरापूर्वी’ अशा नावाचे स्नॅपशॉटही सुरक्षित राहतात, कारण स्क्रिप्ट फक्त स्वतःच्या उपसर्गाला हात लावते.

कोणते जुने हे ठरवण्याच्या दोन रीती आहेत. वयाने ठरवले, म्हणजे १४ दिवसांहून जुने ते काढ असे सांगितले, तर नवे स्नॅपशॉट घेणे काही कारणाने बंद पडल्यावरही काढणे चालूच राहते आणि पंधराव्या दिवशी हाती एकही उरत नाही. संख्येने ठरवले तर शेवटचे १४ कितीही जुने झाले तरी जागेवर राहतात. मी संख्येच्याच बाजूचा आहे. यादी अशी मिळते:

झेडएफएस लिस्ट -एच -ओ नेम -टी स्नॅपशॉट -डी १ -एस क्रिएशन टँक/हिशेब

येथे एच आणि एस दोन्ही मोठे आहेत. मोठ्या एसने सर्वांत नवा स्नॅपशॉट वर येतो. ‘-डी १’मुळे याच डेटासेटचे स्नॅपशॉट मिळतात, पोटातल्या डेटासेटांचे नाही. हे आउटपुट ग्रेपमधून ‘@रोज-’साठी गाळावे आणि मग ‘टेल -एन +१५’ला द्यावे: पहिली १४ नावे सुटतात, पंधराव्यापासून पुढची मिळतात. काही जण क्रम उलटा ठेवून ‘हेड’ला ऋण संख्या देतात. ते लिनक्सवर चालते, पण फ्रीबीएसडीवरचे ‘हेड’ ऋण संख्या स्वीकारत नाही, म्हणून ‘टेल’ची सवय बरी.

‘सराव’ नावाचे एक व्हेरिएबल ठेवावे आणि त्याचे मूल्य १ असेल तेव्हा ‘काढ_एक’ने डिस्ट्रॉयला ‘-एन -व्ही’ जोडावे. मग कमांड काहीही काढत नाही. काय निघाले असते आणि किती जागा सुटली असती तेवढे सांगते. नव्या सर्व्हरवर पहिला आठवडा स्क्रिप्ट याच अवस्थेत चालू द्यावी. जागेबद्दल आणखी एक: काढलेल्या स्नॅपशॉटची जागा मागाहून, पार्श्वभूमीवर मोकळी होत जाते, त्यामुळे काढल्याबरोबर जागा मोजली तर आकडा जुनाच दिसू शकतो. ‘तपास_पूल’ सुरुवातीला बोलवावे ते यासाठीही.

एखादा स्नॅपशॉट मुळीच निघू नये असे वाटत असेल, उदाहरणार्थ ३१ मार्चच्या रात्रीचा हिशेबाचा, तर त्यावर ‘झेडएफएस होल्ड’ लावावा. होल्ड असेपर्यंत डिस्ट्रॉय अपयशी होते. यादीतल्या एकेका नावासाठी ‘काढ_एक’ला बोलावणाऱ्या ‘काढ_जुने’ या बाहेरच्या मॅक्रोने अशा अपयशाची नोंद करून पुढच्या नावाकडे जावे, तेथेच अडून बसू नये.

मुख्य स्क्रिप्टमध्ये क्रम महत्त्वाचा: ‘घे_प्रत’ यशस्वी झाले तरच ‘काढ_जुने’ बोलवायचे. दोन अँपरसँड घालून हे एका ओळीत बसते.

दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणे

स्नॅपशॉट मूळ डेटाच्याच डिस्कवर असतात, तेव्हा ते बॅकअप नव्हेत. ‘पाठव’ हे मॅक्रो दुसऱ्या सर्व्हरला एसएसएचमार्फत (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे कमांड चालवण्याच्या सोयीने) त्याच्याकडील सर्वांत नव्या स्नॅपशॉटचे नाव विचारते, तोच स्नॅपशॉट आपल्याकडे आहे का पाहते, आणि असेल तर ‘झेडएफएस सेंड -आय’ने त्यानंतरचा फरक पाठवते. मोठा आय दिल्यास मधले सर्व स्नॅपशॉटही जातात, आणि एखादी रात्र चुकली असेल तर तेच हवे असते. डेटासेटची यादी ‘व्हाइल रीड’ने वाचत असताना आत एसएसएचने नाव विचारायचे असेल तर एसएसएचला ‘-एन’ द्यावा. नाहीतर ती उरलेली यादी स्वतःच गिळून टाकते आणि पहिल्याच डेटासेटनंतर लूप गपचूप संपतो.

सामायिक स्नॅपशॉट सापडला नाही तर मॅक्रोने थांबावे आणि माणसाला कळवावे. अशा वेळी ‘झेडएफएस रिसीव्ह’ला मोठा ‘-एफ’ लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने पलीकडचा डेटासेट मागे रेटला जातो. आणि सेंडला मोठा ‘-आर’ लावून पूर्ण रचनेचा फरक पाठवत असाल, तर इकडे नसलेले स्नॅपशॉट व डेटासेट तिकडूनही काढले जातात. म्हणजे इकडे चुकून काढलेली गोष्ट बॅकअपमधूनही जाते. ‘-एफ’ची गरज सहसा यासाठी पडते की तिकडच्या डेटासेटमध्ये काहीतरी बदललेले असते, नुसत्या वाचण्यानेही फाइलीची शेवटच्या वापराची वेळ बदलते. पलीकडे ‘रीडओन्ली=ऑन’ करून ठेवले की हा प्रश्नच मिटतो, आणि रिसीव्ह त्यानंतरही चालते.

इकडचा शेवटचा पाठवलेला स्नॅपशॉट निघून गेला तर साखळी तुटते. म्हणून पाठवणे यशस्वी झाल्यावर नव्या स्नॅपशॉटवर होल्ड लावावा आणि मगच आधीच्यावरचा सोडावा.

क्रॉनला लावणे

हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये चालत नाही, याची कारणे ठरलेली आहेत. डेबियनमध्ये क्रॉनचा पाथ इतका आखूड असतो की झेडएफएसची कमांड जेथे असते ती एसबिन फोल्डर त्यात येतच नाही. स्क्रिप्टच्या माथ्यावर पूर्ण पाथ लिहून टाकावा. दुसरे, क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह नवी ओळ म्हणून घेतले जाते. ‘डेट’ कमांडला तारखेचा साचा टक्क्याच्या चिन्हांनीच द्यावा लागतो, त्यामुळे ती थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिली की ओळ मध्येच तुटते. तारखेचे काम स्क्रिप्टच्या आत करावे, क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा मार्ग असावा. पाठवण्याचे काम लांबले आणि पुढची वेळ आली तर दोन प्रती एकत्र चालू नयेत म्हणून ‘एफलॉक -एन’ने स्क्रिप्ट सुरू करावी.

क्रॉनच चालला नाही तर तक्रार करायला कोणी नसते. म्हणून दुसऱ्या सर्व्हरवर एक वेगळे, अगदी लहान मॅक्रो ठेवावे: आलेल्या सर्वांत नव्या स्नॅपशॉटची ‘क्रिएशन’ वेळ ‘-पी’ लावून सेकंदांत घ्यावी, आत्ताच्या वेळेतून वजा करावी, आणि फरक ९३,६०० सेकंदांहून, म्हणजे २६ तासांहून अधिक असेल तर मेल पाठवावा. दोन तासांची सवलत पाठवण्याच्या वेळासाठी आहे.

खऱ्या पूलला हात लावण्यापूर्वी

झेडएफएस साध्या फाइलींवरही पूल बनवते, आणि सरावाला याहून चांगली सोय नाही. ‘ट्रंकेट’ने १ जीबीच्या दोन फाइली तयार कराव्यात, त्यांचे पूर्ण मार्ग देऊन ‘झेडपूल क्रिएट’ने मिरर पूल (दोन्हींवर तोच डेटा ठेवणारा) उभा करावा आणि त्यावर स्क्रिप्ट मुद्दाम छळावी. एक फाइल ‘झेडपूल ऑफलाइन’ने बाजूला काढली की ‘तपास_पूल’ने १ परत करायला हवा. ‘काढ_एक’ला ‘@’ नसलेले नाव द्यावे. त्याने नकार द्यायला हवा. एकाच दिवसात स्क्रिप्ट दोनदा चालवावी, एका स्नॅपशॉटवर होल्ड लावून काढायला सांगावे, तारीख बदलून वीस स्नॅपशॉट हाताने तयार करावेत आणि चौदाच उरतात का ते मोजावे.

हे सगळे नीट झाल्यावर खऱ्या पूलवर पहिल्या काही रात्रींनंतर ‘झेडपूल हिस्टरी -एल टँक’ चालवावे. पूलमध्ये बदल करणारी प्रत्येक कमांड झेडएफएस वेळेसह पूलमध्येच लिहून ठेवते, आणि ‘-एल’मुळे ती कोणत्या वापरकर्त्याने, कोणत्या यंत्रावरून दिली तेही दिसते. या यादीतली प्रत्येक डिस्ट्रॉयची ओळ ‘नोंद’ने लॉगमध्ये लिहिलेल्या ओळीशी जुळवून पाहावी, न जुळणारी ओळ दिसली तर कोणीतरी ‘काढ_एक’ला वळसा घालून काम करत आहे, आणि तो कोण हे त्याच ओळीत असते.